बिनओट्याची खोली

आबूला गेल्यावर शेगडीचं तोंड पाहायचं नाही, असं माझ्या बायकोनं, म्हणजे तरुलतानं, ऐन नवरात्रात जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे भाषण वगैरे केलं नाही. गरब्याहून आली, झोपाळ्यावर बसून घोटे चोळायला लागली आणि म्हणाली, "यंदा क्लबची खोली घ्याल ती बिनओट्याची घ्या. ओटा असेल तर मी येत नाही. तुम्ही सगळे जा, मी इथल्या ओट्यापाशी राहते. निदान याची मला ओळख आहे."

मी निरंजन अंजारिया, भावनगरात पाणीपुरवठ्याच्या खात्यात अधिकारी आहे. पाणी कधी येणार हे लोक मला रोज विचारतात, मला ते माहीत नसतं, तरीही मी शांतपणे उत्तर देतो. अशा कसलेल्या माणसाला एक खोली ठरवणं काय जड, असं मला वाटलं.

आम्ही एका सुट्टी-क्लबाचे सभासद आहोत. एकदा सभासद झालं की वर्षातले काही दिवस त्यांच्या कुठल्याही रिसॉर्टात राहायचा हक्क आपला. हक्क आपला खरा, पण कुठली खोली, कुठला मोसम, किती माणसं, याचा जो अभ्यास करावा लागतो तो मी तरुणपणी केला असता तर कलेक्टर झालो असतो. सगळ्यांत लहान खोली म्हणजे स्टुडिओ. पलंग, टीव्ही, बाल्कनी, माणसं दोन, आणि स्वयंपाकाचं नाव नाही. तिच्यावरची खोली जरा मोठी, कोपऱ्यात कपाटाएवढा ओटा. आणि सर्वांत वरचं ते कुटुंबनिवास. दोन शयनगृहं, दिवाणखाना आणि संपूर्ण स्वयंपाकघर, कुकरच्या शिट्टीपासून पोळपाटापर्यंत. आजवर आम्ही डोळे मिटून ओटेवालीच खोली घेत आलो होतो. नवरा असल्यामुळे मी आधी थोडा वाद घातला.

"तरु, ओटा असला म्हणून वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

"दीवला समुद्र कुठे होता, आठवतं?" तिनं विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"खिडकीत. कढई उतरवताना दिसायचा. सापुताऱ्याला तुम्ही सगळे सूर्यास्त बघून आलात तेव्हा माझी दाळढोकळी शिजत होती. मग तुम्ही मला फोटो दाखवलेत. छान होते."

ती चिडून बोलली असती तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. चिडलेल्या लोकांचा मला रोजचा सराव आहे. पण ती चिडली नव्हती. ते फोटो मला चांगले आठवत होते, त्यांतल्या एकाही फोटोत ती नव्हती आणि आजवर ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं की यंदा बिनओट्याची.

आमच्या सोसायटीत गुपित राखायचं असेल तर ते झोपाळ्यावर बोलू नये. झोपाळ्यावरचं बोलणं कड्यांच्या कुरकुरीसकट खालच्या मजल्यावर पोचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालचे वैष्णवसाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, हातात गाठियांचा पुडा घेऊन हजर झाले.

"निरंजनभाई, ऐकतोय ते खरं? किचन घेत नाही म्हणे?"

"नाही घेत."

"तब्येत बरी आहे ना? नाही, मी काळजीनं विचारतो. समजा, डोंगरावर एखाद्याचं पोट बिघडलं. खिचडी कुठे करणार?"

"हॉटेलात मिळते, साहेब."

"हॉटेलची खिचडी!" त्यांनी गाठियांचा पुडा टेबलावर ठेवला. इतका धक्का त्यांना शाळेचा निकाल लागला तेव्हाही बसला नसेल. "अहो, तिच्यात पनीर घालतात ते लोक!"

समोरच्या इंदुमासींनी दारातूनच भाग घेतला. "माझी नणंद एकदा राहिली होती अशा खोलीत. परत आली ती अर्धी होऊन."

"मग बरंच झालं की."

"आधीच काडी होती, भाई! अर्ध्या काडीचं काय करायचं?"

पण सोसायटी परवडली, घरातलं सरकार जड होतं. बा पूजेतून उठून आली. माझ्या आईचं वय ऐंशीकडे झुकलंय, पण आवाज अजून चाळिशीतच आहे.

"खोलीला चूल नाही? मग ती खोली कसली, स्टेशनवरची वेटिंग रूम!"

"बा, तिथे सगळं आयतं मिळतं."

"आयतं काही नसतं, भाई. कुणीतरी करतंच," बा म्हणाली आणि परत पूजेला बसली.

संध्याकाळी धाकटा भाऊ दुष्यंत स्कूटरवरून आला. दुष्यंत इतर बाबतींत टणक आहे, पण जेवणाच्या बाबतीत त्याचं मन फुलासारखं हळवं. "मोटाभाई, भाभींच्या हातचं बटाट्याचं रसावाळं शाक नसेल, तर आबूला जायचं कशाला? इथल्या तख्तेश्वरच्या टेकडीवर चढून बसू की!" त्याची बायको प्रज्ञा बँकेत आहे. तिनं मला जिन्यात गाठून कुजबुजत सांगितलं, "मी पूर्णपणे भाभींच्या बाजूनं आहे. फक्त बांसमोर माझं नाव घेऊ नका."

मी डगमगलो नाही. सहा माणसांसाठी तीन स्टुडिओ मागायचे ठरले: आम्ही दोघं, दुष्यंत-प्रज्ञा, आणि बा व दुष्यंतची मुलगी मैत्री. मग सुविधांवरून महाभारत झालं. मैत्रीला पोहण्याचा तलाव पाहिजे होता. दुष्यंतला दरीकडची बाजू पाहिजे होती, कारण दरी बघून भूक चांगली लागते. प्रज्ञाला न्हाणीघरात टब पाहिजे होता आणि बाला झोपाळा. मी क्लबला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक साखरेच्या आवाजाची मुलगी आली. तिला टब समजला, दरी समजली.

"झोपाळा नाहीये सर, पण आमच्याकडे स्पा आहे."

"स्पा झुलतो का?"

पलीकडे पुन्हा संगीत सुरू झालं. शेवटी झोपाळा सोडून बाकी सगळं मिळालं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे आमच्या बेसत्या वर्षापासून, कचेऱ्या पुन्हा उघडतात त्या लाभपाचमेपर्यंत तीन स्टुडिओ पक्के झाले. तरुनं वाचनालयातून दोन जाडजूड कादंबऱ्या आणल्या आणि घरात कधी नव्हे ते गुणगुणायला लागली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला गाणी येतात हे मी विसरूनच गेलो होतो.

आता दुपारविषयी थोडं गांभीर्यानं बोललं पाहिजे. सौराष्ट्रात जेवण झाल्यापासून चहा होईपर्यंतचा जो काळ असतो, त्यात माणसं नसतात. शटरं खाली, पडदे ओढलेले; मला वाटतं, चोरसुद्धा घरी असतात. रविवार असो की सुट्टी, या वेळात आमच्या गावचा कुणीही कुणाला फोन करत नाही. करतो तो परका, ज्याला आपल्या झोपेशी काही देणंघेणं नाही. अशाच एका रविवारी उशीखाली फोन वाजला.

"सर, तरुलताजींच्या सभासदत्वाबद्दल बोलतेय. अभिनंदन! तुमच्या तीन स्टुडिओंच्या जागी आम्ही तुम्हाला..."

"हं."

"...काहीही जास्त न घेता, खास दिवाळीसाठी. चालेल ना सर?"

"हं हं."

"पक्कं करू?"

"करा, बेन, करा," असं म्हणून मी कूस बदलली. संध्याकाळी चहा पिताना मला अंधूक आठवलं की कुणीतरी आपलं अभिनंदन केलं होतं. मला बरं वाटलं. हल्ली कोण करतं अभिनंदन!

इकडे बिनओट्याच्या खोलीला तोंड देण्याची सगळ्यांनी आपापल्या परीनं गुपचूप तयारी केली होती, ती गाडीत सामान चढवताना उघड झाली. बाच्या गाठोड्यात तांदूळ आणि मुगाची डाळ होती. दुष्यंतनं पंच्यात गुंडाळून विजेची शेगडी आणली होती आणि तो ते इस्त्रीचं यंत्र आहे म्हणत होता. प्रज्ञाकडे खाखऱ्यांचा डबा निघाला. मी फक्त गाठिया घेतले होते आणि ते आमच्याकडे अन्नात धरत नाहीत.

तरुनं हे सगळं पाहिलं आणि हसून खिडकीपाशी बसली. वाटेत पालनपूरच्या पुढे डोंगर दिसायला लागले तेव्हा ती मैत्रीहून जास्त वेळा म्हणाली, "ते बघा, ते बघा!"

संध्याकाळी रिसॉर्टच्या दारात आम्हाला टिळे लागले, हातात सरबत आलं. व्यवस्थापक शेखावत, मोठ्या मिशांचे आणि मृदू आवाजाचे, राजस्थानी अदबीनं स्वतः पुढे झाले. "या हुकुम, या! आज सबंध रिसॉर्टात तुमच्याएवढं भाग्यवान कुणी नाही." त्यांनी एक रुंद दार उघडलं.

समोर दिवाणखाना होता, आणि दिवाणखान्यापलीकडे, दिव्यांनी लखलखत, स्वयंपाकघर.

"दर्जावाढ!" शेखावत म्हणाले. "तीन स्टुडिओंच्या जागी कुटुंबनिवास. फोनवर तुम्ही किती आनंदानं हो म्हणालात, ते आमच्याकडे नोंदलंय."

मला रविवारचं ते अभिनंदन आठवलं. बाकीच्यांचं मात्र देवदर्शन चाललं होतं. बानं शेगडीला हात लावून नमस्कार केला. दुष्यंत एकेक खण उघडत होता. "मोटाभाई, लाटणं! आणि एक नाही, दोन आहेत!"

तरु उंबऱ्यावर उभी होती, खांद्याला पर्स, काखेत कादंबऱ्या. तिनं शेगडीकडे नीट पाहिलं.

"चार बर्नर आहेत," ती म्हणाली. "घरी तीनच आहेत."

मग ती आत आली, कादंबऱ्या फ्रिजवर ठेवल्या, पदर खोचला आणि विचारलं, "चहा कोण कोण घेणार?"

रात्री खिचडी-कढी झाली. सकाळी ढेबरं झाली. नंतर सगळी मंडळी तिथल्या 'नक्की' नावाच्या तलावावर नावेत बसायला गेली. तरु मागे राहिली, कारण दुष्यंतनं जाता जाता विचारलं होतं, "भाभी, दुपारी तुवरीची डाळ आणि रोटली होईल ना?" मीही मागे राहिलो आणि तडक कार्यालयात गेलो. हातात अर्ज होता. आयुष्यभर लोकांचे अर्ज घेतले, त्यामुळे विषय सुबक लिहिला होता: "खोलीचा दर्जा तातडीनं कमी करून मिळण्याबाबत."

शेखावतांनी अर्ज दोनदा वाचला. "हुकुम, इथे लोक दर्जा वाढवा म्हणून भांडतात. एकानं मला आंघोळीच्या टबात बसून धमकी दिली होती. कमी करा म्हणणारे तुम्ही पहिलेच. संगणकात वर चढवायचं बटण आहे, खाली उतरवायचं बटणच नाही."

"मग कुणाला विचारायचं?"

"अहमदाबादच्या ऑफिसला."

"विचारा."

"लाभपाचमेला उघडेल."

लाभपाचमेला आम्ही परत निघणार होतो. पण भांडायला मला तोंड नव्हतं. कारण दर दिवाळीत खिडकीशी आलेल्या प्रत्येक तहानलेल्या नागरिकाला मी हेच सांगत आलो आहे की लाभपाचमेनंतर या. समोरचा माणूस त्यावर काय करतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तो उभाच राहतो. तसा मीही राहिलो.

शेखावतांना दया आली असावी. ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या तीनपैकी दोन स्टुडिओ गेले. मागच्या बाजूचा एक रिकामा आहे. समोर धोब्याच्या दोऱ्या आहेत म्हणून कुणी घेत नाही. त्याची चावी मी माझ्या अधिकारात देऊ शकतो. पण फक्त सभासदाला."

"मग द्या की. मीच सभासद."

त्यांनी संगणकात पाहिलं. "सभासद तरुलताबेन आहेत. फोनचा नंबर तुमचा आहे. नाव त्यांचं."

मग आठवलं. सभासद झालो त्या वर्षी बाईच्या नावानं घेतलं तर काचेच्या पेल्यांचा संच भेट मिळत होता. पेले केव्हाच फुटले आणि सभासद तेवढी शिल्लक राहिली.

मी परत आलो तर मंडळीही परतली होती. मैत्री ओट्यापाशी उभी राहून आपल्या काकूला फोनवर फोटो दाखवत होती. नाव, बदकं, दुष्यंत वल्ही धरून, बा टोपी घालून. तरुचे हात पिठाचे होते म्हणून ती लांबूनच मान वाकवून बघत होती.

"छान आहेत," ती म्हणाली.

ते दोन शब्द ऐकले आणि मला राहवलं नाही. मी तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगून टाकलं. दुपारचा फोन, माझं हं हं, शेखावत, लाभपाचम, फुटके पेले. म्हटलं, "तरु, मी वचन झोपेत मोडलं गं."

ती चिडेल म्हणून मी तयार होतो. तिनं भलतंच विचारलं.

"म्हणजे क्लब माझ्या नावावर आहे?"

"हो."

"सगळा? दर वर्षी?"

"दर वर्षी."

तिनं हात धुतले, पुसले. शेगडी बंद केली. डाळ अर्धी शिजली होती, तशीच राहिली. फ्रिजवरच्या कादंबऱ्या घेऊन ती बाहेर गेली आणि बाच्या चष्म्याच्या काचा पुसून होतात न होतात तोच हातात चावी घेऊन परत आली. मला एवढा अर्ज लिहावा लागला होता, ती नुसती सही करून आली होती.

"कुठे निघालीस, तरु?" बानं विचारलं.

"माझ्या खोलीत, बा."

"आणि जेवण?"

"ओटा तुमच्याकडे आहे, बा. सगळ्यांना पाहिजे होता ना, म्हणून इथेच ठेवून जाते." तिच्या आवाजात राग औषधालाही नव्हता. ती बॅग ओढत, गुणगुणत निघून गेली.

प्रज्ञानं डोळ्यांची पापणी न लववता जाहीर केलं, "मैत्रीला पोहायला शिकवायचंय," आणि दोघी तलावाकडे पसार झाल्या. उरलो आम्ही दोन भाऊ आणि खुर्चीवर बसलेली बा.

दुष्यंतला जेवणाविषयी सगळं माहीत आहे, फक्त ते होतं कसं हे माहीत नाही. त्यानं डाळीला फोडणी द्यायची म्हणून तेल तापत ठेवलं आणि ते तापेपर्यंत मला रोटली गोल का असते यावर व्याख्यान दिलं. माझी रोटली गोल नव्हती. तिला काठियावाडचा आकार आला होता, खंभातच्या आखातासकट. बा ओरडत होती, "तेल बघा, तेल! अरे, तो धूर कसला?" धूर छतापर्यंत गेला. छतातून आधी एक शिट्टी वाजली, मग आणखी मोठी शिट्टी, आणि मग वरच्या, आग विझवायच्या सगळ्या तोट्यांतून एकदम पाणी सुटलं.

पाणी का आलं नाही याची कारणं देण्यात माझी हयात गेली. इथे ते न मागता आलं, भरपूर दाबानं आलं, आणि ऐन जेवणाच्या वेळी आलं. सगळ्या मजल्यावरची माणसं बाहेर हिरवळीवर धावली. शेखावत छत्री घेऊन आत आले. दुष्यंत हातात फोडणीची पळी घेऊन, डोळे मिटून उभा होता आणि म्हणत होता, "मोटाभाई, डाळ वाचवा!"

बा उठली. ओली शाल पिळली, काठी घेतली.

"बा, कुठे?"

"जिथे कुणी स्वयंपाक करत नाहीये तिथे," बा म्हणाली.

पाणी बंद झालं, शेखावतांची माफी मागून झाली, फरशी पुसून झाली, तेव्हा बाला आणायला मी मागच्या बाजूला गेलो. स्टुडिओचं दार अर्धवट उघडं होतं. मी आत जाणार तेवढ्यात बाचा आवाज ऐकला आणि थांबलो. बा बाल्कनीपाशी कोरड्या साडीत, पाय वर घेऊन बसली होती. समोर दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाऱ्यानं फुगत होत्या. तरु पलंगावर उशीला टेकून, कादंबरी छातीवर पालथी घालून पडली होती. मध्ये ट्रे होता.

"हा चहा कुणी केला?" बा विचारत होती.

"माहीत नाही, बा. फोन केला, आला."

"आणि कप कोण धुणार?"

"तेही माहीत नाही."

बा कपाकडे बघत बसली. "लग्न होऊन आले तेव्हापासून, आयता चहा मी दुसऱ्यांच्या घरीच प्यायले. पण तिथेही ती घरची बाई समोर उभीच असायची. मग मला बसवायचं नाही, मी लगेच उठायची." जरा वेळानं ती म्हणाली, "मला काय ठाऊक, अशीसुद्धा खोली असते! मला वाटलं, चूल नाही म्हणजे उपाशी राहायचं. तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, बा."

"मला नाही सांगितलंस. त्याला सांगितलंस."

तरु खुदकन हसली. बाही हसली, मग दोघी इतक्या हसल्या की बाच्या हातातला कप हिंदकळला. माझे कपडे अजून ओले होते, पण मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की मी तिथेच पाणी गाळत उभा राहिलो.

बानं डोळे पुसले आणि एक घोट घेतला. "चहा मात्र अगदी भिकार आहे. आलं नाही, वेलची नाही, दूध म्हणजे पाणीच."

"हो, बा. वाईटच आहे."

"आणखी मागव."

तरुनं फोन उचलला. तेवढ्यात तिला दारातला मी दिसलो, विस्कटलेला, कोपरापर्यंत कणकेचा. तिनं माझ्याकडे डोळे भरून पाहिलं, गालात हसली आणि फोनमध्ये म्हणाली, "दोन चहा पाठवा. नाही नाही, दोनच."